हिरव्या दोऱ्याचे नऊ उंदीर

मी उंदीर सांभाळायचे. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी एवढं सांगितलं, की शेजारची बाई पदर सावरून खुर्ची जरा लांब घेते. त्यावर मी म्हणते, अहो, साधे उंदीर नव्हते, माणसाचं रक्त असलेले होते. मग ती खुर्चीच बदलते. माझं आयुष्य त्यात गेलं, त्यामुळे मला आता त्याचं काही वाटत नाही. पण खरं सांगते, त्या कामात मला जेवढे धक्के बसले तेवढे बाळंतपणातसुद्धा बसले नव्हते. त्यातला एक अजून उतरला नाही. तो लिहायचा म्हणूनच हा खटाटोप.

त्याआधी मी विड्या वळायचे. कुंभारीला आमच्या वसाहतीत दहा घरं धरली तर नऊ घरांत बायका दारात सूप घेऊन बसलेल्या असायच्या. मी चौथी शिकलेली. जवळच एक संशोधन संस्था आहे, तिथल्या प्राणीघरात बाया पाहिजेत असं कळलं म्हणून गेले. तिथल्या मोठ्या बाई, त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणायचो, त्यांनी काही विचारलं नाही. एक पांढरा उंदीर उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "धरा." मी धरला. दाबला नाही आणि सोडलाही नाही. विडीचं पान असंच धरावं लागतं, जोर दिला की फाटतं, सैल सोडलं की उलगडतं. मॅडम म्हणाल्या, "शांताबाई, उद्यापासून या."

काम काय, तर पिंजरे धुवायचे, खाली मक्याच्या कणसाचा भुसा पसरायचा, खाणं-पाणी द्यायचं, कोण आजारी आहे ते बघायचं. ऐकायला सोपं. पण या उंदरांना अंगात रोगाशी लढायची ताकदच नसते. त्यांची जातच तशी तयार केलेली. तुमच्या-आमच्या साध्या शिंकेनं ते मरतात. म्हणून आत जाताना अंगावरचे कपडे बदलायचे, टोपी, मास्क, गाऊन, दोन-दोन हातमोजे. भुसा, खाणं, पाणी, पिंजरा, सगळं एका मोठ्या यंत्रात वाफेनं उकडून घ्यायचं. घरचा कुकर कपाटाएवढा असता तर कसा दिसला असता, तसं ते यंत्र. आत गेल्यावर आपले नुसते डोळे उघडे. मी एवढी बोलघेवडी, पण आत तासन्तास गप्प असायचे. बाहेर आले की त्याची भरपाई करायचे, आणि तीच मला पुढे नडली.

पहिला धक्का पहिल्याच महिन्यात बसला. एका मादीनं सात पिल्लं घातली होती, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी. मी पिंजरा बदलला आणि पिल्लं हातानं उचलून नव्या भुशात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर पिल्लं नाहीत. मादी कोपऱ्यात बसून तोंड पुसतेय. मला वाटलं, कुणी नेली. मॅडमनी वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खाल्ली तिनं." आईनं पोटची पिल्लं खाल्ली, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं तोंड धरलं असतं. मॅडमनी समजावलं की परका वास आला की मादी घाबरते, ही पिल्लं आपली नव्हेत असं तिला वाटतं. तो परका वास माझा होता. घरी गेल्यावर मी अजून विड्या वळत होते. तंबाखू बोटांत मुरलेला, त्याच बोटांनी हातमोजे ओढून घातलेले. त्या संध्याकाळी सूप माळ्यावर टाकलं ते कायमचं. मिश्रीही सोडली. आणि पुढे जन्मभर, पिल्लाला हात लावायच्या आधी त्याच्याच आईच्या भुशात मोजे चोळून घ्यायचे. नव्या बायांना मी पहिलं हेच शिकवायचे, की आधी आईचा वास घ्या, मग पोराला शिवा.

दुसरा धक्का एका शब्दाचा. आमच्याकडे उंदीर मारले असं कुणी म्हणत नसे. "सॅक्रिफाइस केले" म्हणायचे. मी पिंजऱ्यावरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता इंग्रजी अक्षरं आपली आपण शिकले होते. पोरीच्या शाळेतली डिक्शनरी काढली, बोट ठेवून शोधलं. बळी देणे. कितीतरी वेळ तसंच बोट ठेवून बसले. आम्ही बकरं कापत नाही, आमच्या गळ्यात लिंग. आणि मी रोज सकाळी बळीच्या जनावरांना न्हाऊमाखू घालत होते की.

आता ते उंदीर कशाला, ते सांगते. एड्सचा जो विषाणू आहे तो माणसालाच धरतो. उंदराच्या अंगात नुसता सोडला तर काही होत नाही. त्याला शिरायला दार लागतं, ते माणसाच्या रक्तातल्या पेशींना असतं, उंदराच्या पेशींना नसतं. मग औषध माणसाला द्यायच्या आधी तपासायचं कुणावर? त्यावर शिकलेल्या लोकांनी काढलेली युक्ती अशी, की ताकद नसलेल्या उंदराचं एक-दोन दिवसांचं पिल्लू घ्यायचं, त्याला बेतानं किरण द्यायचे आणि माणसाच्या रक्ताच्या मूळ पेशी त्याच्या काळजात, म्हणजे यकृतात, बारीक सुईनं सोडायच्या. पिल्लू त्या पेशींना परकं म्हणत नाही, कारण परकं म्हणायची ताकदच त्याला नाही. तीन महिन्यांत त्याच्या अंगात माणसाचं रक्त खेळायला लागतं. मग असे उंदीर दुसऱ्या शहरातल्या कडेकोट प्रयोगशाळेत जायचे, तिथं त्यांना तो रोग देऊन औषध बघायचे. आमच्याकडे रोग नव्हता. आम्ही नुसते वाढवून द्यायचो.

आणि त्या पेशी यायच्या कुठून? बाळाच्या नाळेतून. बाळ झालं, नाळ कापली, की नाळेत आणि वारेत बाळाचं रक्त शिल्लक राहतं. एरवी ते दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून देतात. आईनं आधी कागदावर सही दिली असेल तर ते एका पिशवीत धरून आमच्याकडे यायचं. आणायला आमचे ड्रायव्हर इस्माईलभाई आणि मी जायचो. डब्यावर फक्त नंबर असायचा, नाव कधीच नाही. कुणाचं रक्त ते कुणाला कळता कामा नये, हा पक्का नियम. पण मला नंबर लवकर वाचता यायचे नाहीत. म्हणून विड्यांच्या कट्ट्याला, म्हणजे जुडीला, दोरा बांधायची सवय मी इथं लावली. एका नाळेचे जेवढे पिंजरे, त्यांच्या चिठ्ठीला एका रंगाचा दोरा. दोरा आधी यंत्रात उकडलेला, मॅडमच्या परवानगीनं.

एके दिवशी आम्ही दवाखान्यात पोचलो तर आमच्याच वसाहतीतली रेणुका पलंगावर. चार घरं सोडून राहणाऱ्या मल्लव्वाची सून. मुलगा झालेला. त्या दिवशी एकच डबा मिळाला. इस्माईलभाई गाडीत म्हणाले, "आपा, डब्बा एकीच, और बच्चाबी एकीच. तुम कुछ बोलनेका नै हां." मी म्हटलं, "मी कशाला बोलते?" ते नुसते हसले. त्यांना मी माहीत होते.

त्या नाळेच्या पेशी दिलेली नऊ पिल्लं जगली. तीन पिंजरे, हिरवा दोरा.

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा बांधलेला, घुगऱ्या वाटून झालेल्या, बायका गप्पांत. पोराचं नाव चन्नबसव ठेवलं. आणि मी, आतल्या गप्पपणाची भरपाई करणारी, हसत हसत बोलून गेले, "मल्लव्वा, तुझा नातू एकटा नव्हं बरं का. त्याचे नऊ भाऊ आमच्याकडं हायत." बायकांनी विचारलं, मी सांगितलं. नाळेचं रक्त, उंदीर, सगळं. मला अभिमान वाटत होता हो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "मग त्यांच्यासाठीबी पाळणा बांदा की." मल्लव्वा तेवढी हसली नाही. तिनं एकच विचारलं, "मग वार कुटं गेली?"

आमच्या भागात वार घराजवळ पुरतात, हे ठाऊक असेलच. मल्लव्वा बाळंतपणाच्या वेळी वैरागला पुतणीच्या घरी होती. परत येईपर्यंत वार पिवळ्या पिशवीत गेली होती. मी म्हटलं, "दवाखान्यात आता तसंच असतं."

पुढे तीन महिने झाले. उंदरांची तपासणी झाली, नऊच्या नऊ जणांत माणसाचं रक्त उत्तम उतरलेलं. मॅडम कधी नव्हे त्या गाणं गुणगुणत होत्या. पुढच्या आठवड्यात गाडी येऊन त्यांना नेणार होती. त्या दिवशी पिठाच्या गिरणीत मल्लव्वा भेटली. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "शांतक्का, ते उंदीर कुटल्या रोगासाठी म्हनलीस?"

"एड्सच्या," मी म्हटलं.

तिच्या हातातलं दळणाचं भांडं तिरकं झालं आणि ज्वारी सांडली. मी गोळा करायला वाकले. वर बघते तर ती निघून गेलेली, भांडं तिथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या फाटकाशी मल्लव्वा उभी. मागे रेणुका, कडेवर चन्नबसव, कुंची घातलेला, तापानं लाल. दोन दिवस अंग गरम होतं. वॉचमन आत सोडेना. मला बघितलं तशी मल्लव्वा म्हणाली, "त्या नऊ उंदरांस्नी रोग द्यायचा न्हाय."

"अगं, पण..."

"त्यांच्या अंगात माझ्या नातवाचं रक्त हाय, हे तूच सांगितलंस न्हवं? बारशाला, समद्यांदेखत. मग त्या रक्ताला रोग दिलासा तर हितं याला काय हुईल? आताच ताप आलाय. अजून दिला न्हाय तरी."

मॅडमना बोलवावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदाच बघितलं. ती नजर मला आजही आठवते. मग बाकावर मल्लव्वाच्या शेजारी बसून त्या सांगू लागल्या. नाळ कापली की ते रक्त बाळापासून सुटलं. उंदराला काही झालं तरी बाळाला काही होत नाही. ताप वेगळा आहे, बाळाला आत्ता दवाखान्यात दाखवा. मल्लव्वा ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत उतरत नव्हतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "सही रेणुकाची आहे. तिनं नको म्हटलं तर आम्ही ते उंदीर वापरणार नाही. तो तिचा हक्क आहे. पण तिनं स्वतः सांगायला हवं."

रेणुका म्हणाली, "आत्ती म्हणतील तसं."

"तसं नाही चालत," मॅडम म्हणाल्या. "आधी बाळाला दाखवून या. दुपारी सांगा."

इस्माईलभाईंनी रेणुकाला आणि बाळाला गाडीतून दवाखान्यात नेलं. मल्लव्वा गेली नाही. ती मला म्हणाली, "मला बघायचे हायत ते."

बाहेरच्या माणसाला आत नेता येत नाही. पण बोळात एक काचेची खिडकी आहे, पाहुणे आले की तिथून बघतात. मॅडमनी मान हलवली. मी आत गेले, टोपी, मास्क, गाऊन सगळं चढवून, हिरव्या दोऱ्याचा पिंजरा उचलून काचेशी धरला. तिकडून मल्लव्वा, काचेला कपाळ टेकवून. तिला माझे फक्त डोळे दिसत होते. आत तीन उंदीर भुशात फिरत होते. एकानं मागच्या पायांवर उभं राहून काचेकडे नाक करून हुंगलं.

मी बाहेर आले तशी ती म्हणाली, "हे तर नुसते उंदीर हायत की."

"मग काय वाटलं होतं तुला?"

"मला वाटलं, तोंड आपल्यासारकं असंल." मग थोड्या वेळानं, "रेणुकानं न्हाय म्हनलं तर यांचं काय करता?"

आता मी खोटं बोलू शकले असते. सोडून देतो, म्हटलं असतं. पण बोलून बोलूनच हे सगळं केलेलं, म्हटलं निदान आता तरी खरं सांगू. "मारून टाकतात. बाहेर सोडले तर दोन दिवसांत तडफडून मरतील, त्यांच्यात ताकद न्हाय. आणि तसं सोडताबी येत न्हाय."

"आणि रोग दिला तर?"

"तरीबी शेवटी मारतात. पण त्याआधी औषध चालतं का, ते कळतं."

ती मटकन बाकावर बसली. "म्हंजे दोन्हीकडनं मरणार? मग मी काय वाचवायला आले गं?"

फाटकाजवळ लिंबाचं झाड आहे, त्याखाली मी तिला नेऊन बसवलं. मग ती झाडाकडे बघतच बोलायला लागली. "माझा थोरला, शिवानंद. ट्रकवर होता. टीबीनं गेला म्हणून सांगितलं समद्यांस्नी. तूबी मातीला आली होतीस. टीबी होताच. पण तो रोग होता म्हणून टीबी झाला. त्या वक्ताला आमाला औषध कळलं न्हाय, कुणाला विचारायची लाज. त्या रोगाला मी वळखते, शांतक्का. हातानं धुतलंय त्याला. तोच पुन्हा माझ्या घरच्या रक्तात घालणार म्हनलीस, म्हणून पळत आले."

चार घरं सोडून राहणारी बाई, इतकी वर्षं. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "मला कसं कळलं न्हाय गं?"

ती माझ्याकडे वळली. "तुला संशय होता की. तो आजारी असताना तू भेटायला आलीस. मी च्या दिला. तू कप तोंडाला लावला न्हाईस, खाली ठेवलास. पोटात दुखतंय म्हनलीस. मी बघितलं."

मला आठवलं. कप पांढरा होता, त्यावर निळी फुलं. मी खरंच खाली ठेवला होता. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याच रोगाच्या कामात काढली. चहानं, कपानं, शिवल्यानं तो होत नाही, हे नव्या बायांना तोंडपाठ शिकवलं. आणि त्या घरात पुन्हा चहाला मात्र कधी गेले नव्हते. हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

दुपारी रेणुका आली. बाळाचा कान सुजला होता, त्याचा ताप. औषध मिळालं होतं, पोर खांद्यावर झोपलेलं. मॅडमनी तिला पुन्हा विचारलं. तिनं सासूकडे बघितलं नाही. म्हणाली, "मी सही केली तेव्हा कागद वाचला होता. दहावी झालेय मी. त्यात रोगाचं नाव लिहिलं होतं. ठाऊक असून सही केली."

मल्लव्वा ताडकन उठली. "आणि मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी मला भावजींचं सांगितलं का?"

मॅडम खाली बघत होत्या. मला वाटलं, आता इथं काहीतरी तुटणार. मल्लव्वाचा हात वर गेला, मला वाटलं मारते. पण तिनं बाळाची कुंची सारखी केली. "तुला कुणी सांगितलं?"

"शिवानंदभावजींच्या रक्त तपासल्याची चिठ्ठी ट्रंकेत हाय. साड्या ठेवताना बघितली. म्हणून तर सही केली."

त्या दिवशी माझ्यासमोर दोन बायका एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या, एवढंच मला म्हणता येईल. मल्लव्वा मॅडमना म्हणाली, "तिची सही हाय. तिची ती राहू दे. न्या त्यांस्नी." मग जरा थांबून, "पण लई हाल करू नका."

मॅडम म्हणाल्या, "नाही करत." आणि त्या खोटं बोलत नसत.

मला त्यांनी केबिनमध्ये बोलावून जे काही सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, ते मला पुरतं ठाऊक आहे. नियम मोडला होता. माझी दवाखान्याची फेरी त्या दिवसापासून बंद झाली, निवृत्त होईपर्यंत पुन्हा मिळाली नाही. इस्माईलभाई एकटे जायचे. परत आल्यावर डबा देताना म्हणायचे, "आपा, मेरेकू कुछ मालूम नै, तुमकूबी कुछ मालूम नै." लोक विचारतात, मग औषध निघालं का? मला माहीत नाही. मॅडम एकदा म्हणाल्या होत्या की त्या नऊ जणांचं काम उपयोगी पडलं. त्यापुढचं मी विचारलं नाही. औषध एका उंदरानं निघत नाही आणि एका वर्षानंही नाही, एवढं मला या कामानं शिकवलं.

गाडी आली त्या दिवशी मी तीन पिंजरे प्रवासाच्या डब्यांत घातले. बाहेर नुसता नंबर जाणार, त्यामुळे चिठ्ठ्यांचे दोरे सोडवून घ्यावे लागले. एरवी मी ते कचऱ्यात टाकायचे. हे तीन टाकवेनात. यंत्रात पुन्हा उकडले, रुमालात बांधले आणि काम सुटल्यावर मल्लव्वाच्या दारात गेले.

ती ज्वारी निवडत होती. मी रुमाल उलगडला. "वार तर न्हाय मिळाली. हे त्यांच्या पिंजऱ्याला होतं." तिनं काही विचारलं नाही. खुरपं आणलं, उंबऱ्याच्या उजव्या अंगाला हातभर खणलं, हळदीची चिमूट टाकली आणि तिन्ही दोरे आत ठेवून माती लोटली. रेणुकानं वरून तांब्यानं पाणी ओतलं. चन्नबसव पायरीवर पालथा पडून मूठ चोखत होता.

मग मल्लव्वा आत गेली आणि चहा घेऊन आली. पांढरा कप, निळी फुलं. कान उडालेला. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि तिथंच उभी राहिली. मी चहा प्याले. कढत होता, जीभ पोळली, पण थांबले नाही. शेवटचा घोट घेऊन कप खाली ठेवला.

तिनं कप उचलला, वाकडा करून तळ बघितला, आणि विसळायला घेऊन गेली.